सबाहच्या बारा दिवसांचा क्रम कसा लावावा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. मे महिन्याच्या शेवटी तुमच्याकडे बारा दिवस आहेत आणि बोर्निओ बेटावरच्या सबाह या मलेशियाच्या राज्यात जायचं आहे. तुम्हाला सिपादान बेटावर डाइव्ह करायचं आहे. पत्नीला ओरांगउटान आणि पक्षी बघायचे आहेत, पण पोहता येत नाही. बारा वर्षांच्या मुलीला दोन्ही हवं आहे. आणि तिथल्या आदिवासी लोकांचं जगणं तिघांनाही जवळून पाहायचं आहे. एजंटने दिलेल्या कार्यक्रमात कोटा किनाबालू, किनाबालू शिखर, सेपिलोक, किनाबातांगान नदीवर एक रात्र, डानुम व्हॅलीत एक रात्र आणि सगळ्यात शेवटी सेम्पोर्नाला, म्हणजे सिपादानला जाणाऱ्या बोटींच्या गावी, दोन रात्री आहेत. यातलं काय गाळावं, असं तुम्ही विचारलंय.

मी स्कूबा शिकवते आणि गेली बरीच वर्षं लहान गट घेऊन सबाहला जाते. माझ्या अनुभवात काय गाळावं हे नंतर आपोआप ठरतं, आधी क्रम ठरवावा लागतो. आणि क्रम ठरवतं डायव्हिंग, कारण या सहलीत ज्याच्याशी घासाघीस करता येत नाही अशी तीच एक गोष्ट आहे.

खोल पाण्यात आपण दाबाखालची हवा श्वासात घेतो, त्यामुळे जास्तीचा नायट्रोजन रक्तात आणि शरीराच्या ऊतींमध्ये विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, पण त्याला बरेच तास लागतात. विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीइतका नसतो. साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तेवढाच असतो. शरीरात नायट्रोजन शिल्लक असताना त्या कमी दाबात गेलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात, आणि सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संस्थेची सर्वमान्य शिफारस अशी आहे की एकाच डाइव्हनंतर किमान १२ तास, आणि दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास विमान टाळावं. माझ्या गटांसाठी मी पूर्ण २४ तास ठेवते. तुमच्या कार्यक्रमात शेवटचा डाइव्ह दुपारी तीनला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सेम्पोर्नाजवळच्या तावाऊहून विमान आहे. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी तो कार्यक्रम नाकारला असता.

तो उलटा केला की सगळं जागेवर बसतं. क्वालालंपूरहून थेट तावाऊला उतरा आणि सेम्पोर्नाला जा. डाइव्ह संपले की रस्त्याने किनाबातांगान नदीकडे निघा. हा रस्ता लाहाद दातूवरून जातो, चार-पाच तासांचा आहे आणि घाट चढत नाही, त्यामुळे नायट्रोजनची काळजी नाही. नदीवर तीन रात्री, मग सांडाकान, आणि तिथून विमानाने कोटा किनाबालू. तोपर्यंत शेवटच्या डाइव्हला चार दिवस झालेले असतात. हाच नियम डोंगरालाही लागू आहे हे लक्षात ठेवा. किनाबालू पार्कचं मुख्यालयच १५०० मीटरहून उंच आहे, त्यामुळे डाइव्ह करून लगेच तिकडे जाणंही चुकीचं.

डायव्हिंग सुरुवातीला घेण्याची आणखी दोन कारणं आहेत. एक म्हणजे सर्दी. प्रवासात, एसीत, बोटीच्या वाऱ्यात नाक चोंदतं आणि पाण्याखाली कानातला दाब बरोबर करता येत नाही. हातात चार-पाच दिवस असतील तर एक दिवस थांबता येतं. दोनच दिवस असतील तर माणूस हट्टाने उतरतो आणि कानाचा पडदा दुखावून घेतो. दुसरं कारण परमिटचं आहे.

सिपादान हे समुद्राच्या तळापासून सुमारे ६०० मीटर उठलेलं, विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर प्रवाळाने घडवलेलं बेट आहे. किनाऱ्यापासून थोडं चालत गेलं की पायाखालची जमीन संपते आणि सरळ कडा सुरू होतो. मलेशिया आणि इंडोनेशिया दोघांनीही त्यावर हक्क सांगितला होता. २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते मलेशियाला दिलं. २००४ च्या अखेरीस बेटावरचे सगळे रिसॉर्ट हटवले गेले आणि त्यानंतर रोज ठरावीकच माणसांना पाण्यात उतरू दिलं जातं. सुरुवातीला ही मर्यादा १२० होती, पुढे ती वाढवली गेली. हे परमिट ऑपरेटरांमध्ये वाटून दिलेले असतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी 'आमच्याकडे इतक्या रात्री राहिलात तर सिपादानचा एक दिवस' असा हिशोब असतो. तुमच्या एजंटने दोन रात्रींत सिपादान लिहिलंय खरं, पण त्या तारखेचं परमिट तुमच्या नावावर आहे का हे लेखी विचारा. 'मिळून जाईल' हे उत्तर नाही.

आता थोडं स्पष्ट बोलते. तुमचा ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, दोन वर्षांपूर्वी अंदमानात झाला आणि त्यानंतर तुम्ही पाण्यात उतरला नाहीत. या स्थितीत सिपादानला पहिल्याच दिवशी मी तुम्हाला नेणार नाही. तिथल्या बॅराकुडा पॉइंटला बॅराकुडांचा थवा भोवऱ्यासारखा फिरत असतो, साऊथ पॉइंटला पाण्याचा करंट बदलत राहतो, आणि भिंतीवर, म्हणजे त्या सरळ कड्यालगत, तुमच्या खाली तळ नसतो. वाळूच्या तळावर बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका खोलीवर तरंगत राहण्याचा तोल, बिघडली तर माणूस वाळूत बसतो. भिंतीवर बिघडली तर तो नकळत तीस मीटरवर पोहोचतो. बहुतेक ऑपरेटर आता सिपादानसाठी ॲडव्हान्स्ड, म्हणजे ओपन वॉटरच्या पुढचं, सर्टिफिकेट मागतात, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यामुळे दोन गोष्टी करा. जाण्यापूर्वी तारकर्लीला एक रिफ्रेशर घ्या. मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तिथे साधारण हंगाम असतो. मालवणच्या पाण्यात फार लांबचं दिसत नाही, पण मास्कमधलं पाणी काढणं, श्वासावर तरंगणं ही सवय परत आणायला ते पाणी पुरेसं आहे. मग सबाहमध्ये पहिले दोन दिवस सिपादानजवळच्या माबुल आणि कापालाईला डाइव्ह करत ॲडव्हान्स्ड पूर्ण करा आणि सिपादान तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेवा.

माबुलला लोक 'वाट बघण्याची जागा' समजतात, ते मला पटत नाही. तिथे वाळू, जुन्या लाकडी चौकटी आणि जेटीचे खांब आहेत, आणि त्यात फ्रॉगफिश, रिबन ईल, फ्लॅम्बॉयंट कटलफिश असे प्राणी दडलेले असतात. संध्याकाळी मोडक्या प्रवाळात मँडरिनफिशची जोडी वर येते. चांगल्या गाइडबरोबर तासभर दहा मीटर खोलीवर हळू हळू सरकत पाहिलं तर सिपादानच्या दिवसाइतकंच पदरात पडतं, आणि तुमच्या अनुभवाला ते झेपणारं आहे. पत्नी आणि मुलीसाठीही तिथे लाइफजॅकेट घालून स्नॉर्केलिंग करता येतं, हिरवी कासवं तर जेटीखालीच असतात. पोहता येत नसेल तर सिपादानच्या कड्याजवळ स्नॉर्केलिंगला जाऊ नये असं माझं मत आहे. करंट लागला की लाइफजॅकेट असूनही माणूस घाबरतो.

माबुलबद्दल बोलताना तिथल्या माणसांबद्दल बोलावंच लागेल, आणि इथे तुमचा 'आदिवासी लोकांचं जगणं' हा भाग सुरू होतो. माबुलवर आणि आसपासच्या बेटांवर बजाऊ लाउत लोक राहतात. पिढ्यान्‌पिढ्या होडीवर आणि पाण्यातल्या खांबांवरच्या घरांत राहणारे हे लोक. २०१८ मध्ये 'सेल' या नियतकालिकात एक अभ्यास आला. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या बजाऊंची प्लीहा शेजारच्या साळुआन लोकांपेक्षा सुमारे ५० टक्के मोठी आढळली, आणि श्वास रोखून बुडी मारण्याशी तिचा संबंध जोडला गेला. पर्यटकांना ही गोष्ट खूप आवडते. पण सबाहमधल्या अनेक बजाऊ लाउत कुटुंबांकडे कुठल्याच देशाचे कागद नाहीत, आणि त्यामुळे शाळा आणि सरकारी दवाखाना त्यांना सहज मिळत नाही, हेही सोबत सांगायला हवं. जून २०२४ मध्ये सेम्पोर्नाजवळच्या तुन साकारान सागरी उद्यानात त्यांची घरं पाडली गेली आणि शेकडो लोक बेघर झाले. सुरक्षा आणि बेकायदा बांधकाम अशी कारणं प्रशासनाने दिली होती.

म्हणून माझ्या गटांना मी सांगते की होडीतून येणाऱ्या मुलांना पैसे किंवा चॉकलेट देऊ नका. त्यामुळे मुलं शिकण्याऐवजी दिवसभर पर्यटकांच्या बोटींमागे वल्हवत राहतात. नारळ, मासे, खेकडे विकायला मोठी माणसं येतात, त्यांच्याकडून योग्य भावाने घ्या. घरात डोकावून फोटो काढू नका. काही डाइव्ह सेंटर तिथल्या मुलांच्या वर्गांना मदत करतात. तुमचा ऑपरेटर काय करतो ते बुकिंगआधी विचारा, त्याच्या उत्तरावरून बरंच कळतं. पाण्याखाली कधी दुरून 'धप्प' असा जड आवाज आला तर तो सुरुंगाने मासे मारण्याचा असू शकतो. तो बेकायदा आहे, प्रवाळ उद्ध्वस्त करतो, आणि तरीही सेम्पोर्नाच्या पाण्यात तो पूर्ण थांबलेला नाही. मुलीने विचारलं तर हे टाळू नका. बारा वर्षांची मुलं अशी गुंतागुंत चांगली समजून घेतात.

आता नदी. किनाबातांगान ही सबाहची सर्वात लांब नदी, ५६० किलोमीटर. खालच्या टप्प्यात सुकाऊ, बिलित, बातु पुतेह ही गावं तिच्या काठावर आहेत, आणि २००५ मध्ये तिथे सुमारे २६,००० हेक्टरचं अभयारण्य घोषित झालं. इथे लांब नाकाची प्रोबोसिस माकडं, धनेशाच्या आठ जाती, मगरी, नशिबात असेल तर रानटी ओरांगउटान आणि पिग्मी हत्ती दिसतात, आणि तेही होडीत बसून. लोक म्हणतात, 'किती समृद्ध जंगल!' त्यावर मला थोडं थांबवावंसं वाटतं. सबाहच्या जमिनीचा जवळजवळ एक पंचमांश भाग आज तेलपामच्या लागवडीखाली आहे. सेम्पोर्नाहून येताना तासन्‌तास खिडकीतून तेच दिसेल. अभयारण्य सलग नाही, नदीकाठच्या तुकड्यातुकड्यांनी बनलेलं आहे. प्राणी इतक्या सहज दिसतात कारण त्यांना मागे सरकायला जागा उरलेली नाही. जून २०२४ मध्ये बोर्निओच्या हत्तीची नोंद धोक्यातल्या प्रजातींमध्ये झाली, तेव्हा रानात फक्त हजारेक हत्ती उरल्याचा अंदाज दिला गेला. हे माहीत असलं की पाहण्याची नजर बदलते. मी प्रत्येक गटाला नदीवर पोहोचण्याआधी, त्या पामच्या रांगांमधून जातानाच हे सांगते.

एक रात्र पुरत नाही याचं कारण प्राण्यांच्या दिनक्रमात आहे. प्रोबोसिस माकडं दिवसा आत पानं आणि कच्ची फळं खात फिरतात आणि संध्याकाळी झोपायला नदीकाठच्या झाडांवर येतात. म्हणून दुपारी चार ते सहा ही वेळ त्यांची. पहाटे धुकं विरायच्या आधी धनेश उडतात आणि ओरांगउटान घरट्यातून उठून खायला लागतो. रात्री दिव्याच्या प्रकाशात फांदीवर झोपलेले खंड्या, मासेखाऊ घुबड, उदमांजर आणि मगरींचे चमकणारे डोळे दिसतात. एका रात्रीत तुम्हाला एक संध्याकाळ आणि एक पहाट मिळते, आणि नेमका त्याच वेळी पाऊस पडला तर काहीच नाही. तीन रात्रींत सहा-सात फेऱ्या होतात. हत्तींचं तर कुणीच सांगू शकत नाही. कळप नदीच्या कुठल्या भागात आहे ते रोज बदलतं आणि होडीवाले एकमेकांना फोनवर कळवत असतात. हत्ती दिसल्यावर दहा होड्या गोळा झाल्या तर तुमच्या होडीवाल्याला मागे राहायला सांगा. तो ऐकेल, आणि त्याला बरंही वाटेल.

मुक्कामासाठी लॉज आहेत, पण तुमच्या कुटुंबाला मी बातु पुतेह गावातला होमस्टे सुचवेन. तिथल्या ओरांग सुंगाई, म्हणजे नदीकाठच्या लोकांनी कोपेल नावाची सहकारी संस्था चालवली आहे. होमस्टे, होड्या, गाइड आणि जंगलाची पुनर्लागवड हे सगळं गावच्या लोकांच्याच हातात आहे. लागवडीच्या कामात पाहुण्यांनाही घेतात. मुलीने रोप लावलं तर लागवड करणाऱ्या बाई तिला नक्की समजावतील की पुरात टिकणारी झाडं कोणती आणि का. या घरांत कोणी तुमच्यासाठी नाच करत नाही. संध्याकाळी अंगणात बसून गप्पा होतात, बाजाराच्या, शाळेच्या, मासळीच्या. 'जगणं जवळून पाहायचं' असं तुम्ही लिहिलंय, त्याला माझ्या मते हेच जवळचं आहे. लॉजइतकी सोय नसेल. पंखा असेल, एसी कदाचित नसेल. पत्नीला विचारून ठरवा.

सुकाऊच्या फाट्यावर गोमांतोंगच्या गुहा आहेत, त्या वाटेत करा. पाकोळ्या लाळेने बांधतात ती घरटी इथे परवान्याने आणि ठरलेल्या काळातच काढली जातात, वेताच्या शिड्यांवर चढून. चिनी सूपसाठी त्यांना फार मोठी किंमत येते. आपल्या वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकांवरही याच कुळातल्या पाकोळीची वसाहत आहे, त्यामुळे कोकणातल्या माणसाला इथे वेगळाच रस वाटतो. गुहेत वटवाघळांच्या विष्ठेचा थर आणि झुरळं असतात, लाकडी पायवाट निसरडी असते. कुणाला चालणार नसेल तर बाहेरच्या झाडांपाशी थांबा, तिथेही ओरांगउटान येतात.

सांडाकानजवळच्या सेपिलोकचं ओरांगउटान पुनर्वसन केंद्र १९६४ पासून चालू आहे. तिथे जे दिसतात ते अनाथ झालेले किंवा पाळीव म्हणून ठेवलेले प्राणी, ज्यांना पुन्हा रानात जगायला शिकवलं जातं. ओरांगउटानचं पिल्लू सहा-सात वर्षं आईला चिकटून खाणं, चढणं, घरटं बांधणं शिकतं. आई मेली की ते शिक्षणच तुटतं, म्हणून पुनर्वसनाला इतका वेळ लागतो. सकाळच्या खाऊच्या वेळी गर्दी असते. कमी प्राणी आले तर नाराज होऊ नका, रानात फळं मिळत असतील तर ते येत नाहीत, आणि केंद्राला हेच हवं असतं. शेजारी सन बेअर या अस्वलांचं केंद्र आहे, आणि रेनफॉरेस्ट डिस्कव्हरी सेंटरमध्ये झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवरून चालायचा पूल आहे. पत्नीच्या पक्ष्यांसाठी पहाटे तिथेच जा. उडणारी खार संध्याकाळी तिथे हमखास दिसते. सांडाकानसमोरच्या कासव बेटांवर एक रात्र राहून हिरव्या कासवाला अंडी घालताना पाहता येतं. वेळासचा कासव महोत्सव तुम्ही पाहिला आहे असं लिहिलंय, तिथे रात्री मादीला पाहणं दुर्मीळ, इथे वर्षभर शक्यता असते. पण वनरक्षक बोलावेपर्यंत थांबावं लागतं, कधी मध्यरात्र होते. मुलगी जागू शकत असेल तरच ही रात्र घ्या.

मग गाळायचं काय? डानुम आणि किनाबालू शिखर. दोन्ही उत्तम आहेत म्हणूनच गाळा. डानुम हे ४३८ चौरस किलोमीटरचं, कधीच न तोडलेलं जंगल आहे. २०१९ मध्ये तिथल्या पिवळ्या मेरांतीच्या एका झाडाची उंची १००.८ मीटर मोजली गेली. पण अखंड जंगलात प्राणी सहजासहजी समोर येत नाहीत. जळवा, चिखल, तास तास शांत चालणं, आणि मग एखादा ओरांगउटान. तिथे तीन रात्रींपेक्षा कमी राहू नये असं मी ठामपणे सांगते. किनाबालू शिखर ४,०९५ मीटर उंच आहे, त्यालाही मर्यादित परमिट लागतं आणि ते दोन दिवस घेतं. तुमच्या मुलीचे पाय नंतर दोन दिवस दुखतील आणि बाकी सगळं विस्कटेल. पार्कची पायथ्यापर्यंतची दिवसाची सहल मात्र करा. रानाऊजवळ रस्त्याकडेला 'राफ्लेसिया फुलली' अशी पाटी दिसली तर थांबा. फूल आठवडाभरच टिकतं.

तुमच्या तारखांमुळे एक मोठी संधी चालून आली आहे. ३० आणि ३१ मे हे सबाहमधल्या काआमातान या सुगीच्या सणाचे दिवस असतात आणि राज्यात सुट्टी असते. कादाझान-दुसून हा इथला सर्वात मोठा मूळनिवासी समाज. त्यांच्या कथेत किनोइंगान या निर्मात्याने दुष्काळात आपली मुलगी हुमिनोदुन अर्पण केली आणि तिच्या देहातून भात आणि इतर पिकं उगवली. म्हणून भातात तिचा प्राण आहे असं मानतात. कापणीनंतर बोबोहिझान, म्हणजे पूजा सांगणाऱ्या स्त्रिया, भाताच्या हरवलेल्या प्राणाला परत बोलावण्याचा विधी करतात. आज बहुतेक समाज ख्रिस्ती आहे आणि बोबोहिझान मोजक्याच उरल्या आहेत. कोटा किनाबालूजवळच्या पेनाम्पांगमधल्या होंगकोड कोइसाआनमध्ये मोठा सोहळा असतो. तिथे वेगवेगळ्या समाजांची घरं उभारलेली आहेत. मुरुतांच्या घरात लांसारान नावाची लवचिक जमीन असते, तिच्यावर सगळे मिळून उड्या मारतात, मुलीला ते फार आवडेल. सुमाझाऊ नाचात पंखांसारखे हात हलवत लोक तुम्हालाही ओढतील. तापाई ही तांदळाची दारू समोर येईल. नको असेल तर हात जोडून हसून नाही म्हटलं तरी कुणी रागावत नाही. या सणाला लोक स्वतःसाठी, स्वतःच्या घरच्यांसाठी येतात, पर्यटक नसते तरी तो झालाच असता. 'मूळनिवासी संस्कृती' म्हणून वर्षभर दाखवल्या जाणाऱ्या तासाभराच्या कार्यक्रमांपेक्षा मला हा सण म्हणूनच जवळचा वाटतो. गर्दी खूप असते आणि हॉटेलं भरतात, तेवढं लक्षात ठेवा.

तर बारा दिवसांचा आराखडा असा होतो: प्रवासाचा पहिला दिवस, माबुलला चार रात्री आणि त्यातला शेवटून दुसरा दिवस सिपादानचा, मग रस्त्याने नदी, तिथे तीन रात्री, सेपिलोकला एक रात्र, आणि कोटा किनाबालूला दोन रात्री, त्या ३० आणि ३१ मेला जुळवून. परतीचं विमान १ जूनला. कासव बेट हवं असेल तर माबुलची एक रात्र कमी करा, नदीची करू नका.

आता ज्या गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत त्या. तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंय. सबाहमध्ये पालेभाजीतही कोळंबीपासून केलेलं बेलाचान घालतात, आणि 'भाजी' म्हटलं की ती शाकाहारीच असेल असं त्यांच्या डोक्यात नसतं. 'मांस, मासे, बेलाचान नको' असं होमस्टेला आधीच कळवा. शहरांत चिनी शाकाहारी जेवणाची दुकानं सापडतात. मेतकूट, चटण्या, भाजणी बरोबर असली की मुलीचं निभतं. पायात जाडजूड ट्रेकिंग बूट नकोत. तिथले लोक घालतात ते काळे रबरी बूट, ज्यांना सगळे 'आदिदास काम्पुंग' म्हणतात, ते कुठल्याही गावातल्या दुकानात स्वस्तात मिळतात आणि चिखलात सर्वात चांगले.

सबाहच्या पूर्व किनाऱ्याबद्दल काही देश आपल्या नागरिकांना सावधगिरीच्या सूचना देतात, कारण पूर्वी तिथे अपहरणं झाली आहेत. सिपादानवरूनच २००० मध्ये पर्यटकांना पळवलं होतं. आता तिथे मोठा बंदोबस्त आहे आणि रात्री समुद्रात बोटींना संचारबंदी असते. मी गट घेऊन जाते, पण निर्णय तुमचा आहे, आणि प्रवास विम्यात त्या भागाचं आणि डायव्हिंगचं संरक्षण लिहिलेलं आहे का हे पॉलिसी वाचून पाहा. सबाहमध्ये माकडांपासून येणारा एक मलेरिया आहे, त्यामुळे औषधांबद्दल निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. डायव्हिंगचा वैद्यकीय फॉर्म त्याच भेटीत भरून घ्या, दमा किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांची सही लागते. भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी आहे, पण ती मुदतीची असल्याने तिकिटाआधी तपासा. आणि क्वालालंपूरला शिक्का बसला असला तरी सबाहमध्ये उतरताना वेगळी पासपोर्ट तपासणी होते, जोडविमानात त्यासाठी वेळ ठेवा.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: सिपादानचं परमिट लेखी आल्यावर तावाऊचं विमान, मग नदीवरचा होमस्टे, मग ३० मेचं कोटा किनाबालूचं हॉटेल, आणि मुंबईची तिकिटं सगळ्यात शेवटी. परमिटची तारीख दोन दिवस पुढे सरकली तर कासव बेट सोडा आणि सेपिलोक अर्ध्या दिवसात करा. चार दिवसांहून जास्त सरकली तर दुसरा ऑपरेटर शोधा, कारण मग नदीच्या रात्री कमी कराव्या लागतील, आणि तुमच्या पत्नीची सहल तीच आहे.